हॅम उपग्रह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पृथ्वीच्या खालच्या कक्षेत फिरणाऱ्या छोट्या हौशी रेडिओ उपग्रहांबद्दल जे प्रश्न सारखे येतात, ते इथे एकत्र केले आहेत. नवख्यांनी पहिल्यापासून वाचावे. ज्यांनी एखादा पास, म्हणजे उपग्रहाची आपल्या आकाशातून जाणारी एक फेरी, ऐकलेला आहे त्यांनी थेट आठव्या प्रश्नावर गेले तरी चालेल. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: हे उपग्रह आजारी पडतात, मुके होतात, जळून जातात. खाली दिलेली फ्रिक्वेन्सी लावण्यापूर्वी तो उपग्रह सध्या चालू आहे का, हे ॲमसॅट या हॅम उपग्रह संस्थेच्या स्थिती-तक्त्यावर बघून घ्या.

१. हॅम उपग्रह म्हणजे नेमके काय? ते सोडतो कोण?

हौशी रेडिओवाल्यांनी, म्हणजे हॅम मंडळींनी, बनवलेला किंवा त्यांच्या वापरासाठी ठेवलेला छोटा उपग्रह. काही उपग्रह रिपीटरचे काम करतात. जमिनीवरून आलेला आवाज एका फ्रिक्वेन्सीवर घेतात आणि त्याच क्षणी दुसरीवर खाली सोडतात. वर जाणारी बाजू अपलिंक, खाली येणारी डाउनलिंक. काही उपग्रह मात्र फक्त स्वतःच्या प्रकृतीची माहिती, म्हणजे टेलिमेट्री, पाठवत राहतात. बांधणारे बहुतेक विद्यापीठांतले विद्यार्थी, नाहीतर ॲमसॅटसारख्या स्वयंसेवी संस्था. स्वतःचे रॉकेट कोणाकडेच नसते. दुसऱ्याच्या मोठ्या उपग्रहाबरोबर उरलेल्या जागेत बसून जायचे.

ही रीत पहिल्या दिवसापासूनची आहे. ऑस्कर-१ हा पहिला हॅम उपग्रह १२ डिसेंबर १९६१ रोजी गेला, तो रॉकेटमध्ये तोल साधायला ठेवलेल्या वजनाच्या जागी. साडेचार किलोचा डबा, १४० मिलिवॉटचा ट्रान्समीटर आणि मोर्समध्ये दोनच अक्षरे, 'एच' आणि 'आय': चार टिंबे, मग दोन टिंबे. या टिंबांचा वेग डब्यातल्या तापमानाप्रमाणे बदलत असे. त्यामुळे घड्याळ लावून 'हाय' मोजले की उपग्रहाचे तापमान निघे. टेलिमेट्री इतकी साधी पुन्हा कोणी केली नसेल. २८ देशांतल्या ५७० हून जास्त हॅमनी तो ऐकल्याचे कळवले.

२. एओ-७, एसओ-५०, व्हीओ-५२ ही नावे कशी पडतात?

'ओ' म्हणजे ऑस्कर ('हौशी रेडिओ वाहून नेणारा उपग्रह' याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द), आधीचे अक्षर बांधणाऱ्या संस्थेचे किंवा उपग्रहाच्या नावाचे, आणि शेवटी क्रमांक. क्रमांक आधी मिळत नाही. उपग्रह कक्षेत पोहोचला, बोलू लागला आणि त्याच्या मालकांनी मागणी केली, की मगच. म्हणून एकाच उपग्रहाला दोन नावे दिसतात: भारताचा हॅमसॅट ५ मे २००५ ला पीएसएलव्ही-सी६ मधून गेला आणि वर जाऊन व्हीओ-५२ झाला.

३. नुसते ऐकायलाही लायसन्स लागते का?

बऱ्याच देशांत लागत नाही, काही देशांत ऐकण्यावरही बंधने आहेत. आपल्या देशाचा नियम एकदा नीट वाचा. बोलायला मात्र सगळीकडे हौशी रेडिओचे लायसन्स आणि कॉलसाइन, म्हणजे हवेत सांगायचे आपले अधिकृत ओळखनाव, हवेच. 'एकदाच दाबून बघतो, कोणाला कळतंय' असे म्हणणाऱ्यांसाठी: उपग्रह तुमचा आवाज एका वेळी हजारो किलोमीटरच्या वर्तुळात ऐकवतो. कळते.

४. एक पास किती वेळ चालतो?

उपग्रह क्षितिजावर उगवल्यापासून मावळेपर्यंतच्या काळाला पास म्हणतात. चारशे-आठशे किलोमीटर उंचीचे उपग्रह सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटर धावतात आणि दीड तासाच्या आसपास पृथ्वीला एक फेरी घालतात. तुमच्या आकाशात ते जास्तीत जास्त दहा-पंधरा मिनिटे असतात. पास क्षितिजाला घासून जाणारा असेल तर चार-पाच मिनिटेच.

डोक्यावर असताना चारशे किलोमीटरवर असलेला उपग्रह क्षितिजावर असताना जवळजवळ २३०० किलोमीटर दूर असतो. म्हणून पासची सुरुवात आणि शेवट खरखरीत जातो. पण दूरची माणसे भेटतात तीही तेव्हाच. चारशे किलोमीटरवरून उपग्रहाला भोवताली सुमारे २२०० किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ दिसते, आठशेवरून ३००० किलोमीटरचे. त्या वर्तुळातले कोणीही कोणाशीही बोलू शकते.

५. तो कधी येणार हे कसे कळते?

प्रत्येक उपग्रहाच्या कक्षेचे आकडे दोन ओळींत लिहिलेले असतात. त्यांना टीएलई म्हणतात. सेलेस्ट्रॅकसारख्या ठिकाणी ते फुकट मिळतात. जीप्रेडिक्टसारख्या प्रोग्रामला टीएलई आणि तुमचे अक्षांश-रेखांश दिले की पुढच्या पासांची यादी समोर येते: कधी उगवेल, कोणत्या दिशेला, किती अंशांपर्यंत चढेल, कुठे मावळेल.

दोन चुका सगळे करतात. पहिली म्हणजे जुने टीएलई. खालच्या कक्षेत विरळ का होईना हवा असते, ती उपग्रहाला ओढत राहते आणि आकडे शिळे होतात. अवकाश स्थानक तर अधूनमधून इंजिन चालवून कक्षा उचलते, मग जुने आकडे साफच फसतात. आठवड्यातून एकदा ताजे उतरवून घ्या. दुसरी चूक घड्याळाची: यादी जागतिक वेळेत आहे की स्थानिक? मी स्वतः एकदा भर थंडीत पहाटे उठून, अँटेना धरून, रिकाम्या आकाशाकडे वीस मिनिटे उभा होतो. उपग्रह कित्येक तास आधीच येऊन गेला होता.

६. माझ्याकडे फक्त हातातला साधा सेट आहे. काही ऐकू येईल का?

येईल, पण सेटबरोबर आलेला आखूड रबरी अँटेना बदला. उपग्रहाची ताकद पाव-अर्धा वॅट, अंतर हजार-दोन हजार किलोमीटर. रबरी अँटेनावर पास डोक्यावरून असेल तर दोन-चार शब्द कळतील, एवढेच. त्याऐवजी हातात धरायचा तीन-चार कांड्यांचा यागी (एका दिशेला रोखायचा अँटेना) घ्या किंवा स्वतः बनवा. कांड्यांना स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे वापरले तरी उत्तम चालतो. दुमडून पिशवीत जातो, सोडला की सरळ होतो. जितका खर्च आणि खटपट रेडिओवर कराल, त्याच्या निम्मी अँटेनावर केली तरी फरक ऐकू येतो, असे माझे मत.

आणखी एक: सेटचा स्क्वेल्च, म्हणजे सिग्नल नसताना खरखर बंद करणारी सोय, पूर्ण उघडा ठेवा. कमजोर सिग्नल आला तरी बंद स्क्वेल्च तो गिळून टाकतो आणि तुम्ही म्हणता, उपग्रह आलाच नाही. खरखर ऐकायची सवय करा. खरखर थोडी निवळली की समजायचे, तो उगवला.

७. सुरुवात कोणापासून करावी?

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकापासून. तो हॅम उपग्रह नाही, पण त्याच्यावर हॅम स्टेशन आहे आणि सिग्नल दणकट असतो. १४५.८०० मेगाहर्ट्झवर एफएममध्ये अंतराळवीर शाळांतल्या मुलांशी बोलतात, तेव्हा त्यांची बाजू साध्या सेटवरही स्वच्छ येते. याच फ्रिक्वेन्सीवर अधूनमधून चित्रे सोडली जातात. एक चित्र यायला सुमारे दोन मिनिटे लागतात. रेडिओजवळ मोबाइल धरून त्यात रोबोट-३६ हे ॲप चालू ठेवले, की शिट्ट्यांसारख्या आवाजातून चित्र एकेक ओळ उमटत जाते. पहिले चित्र तिरके आणि ठिपक्यांनी भरलेलेच येते. ते पुसू नका.

चित्रे नसतील तेव्हा ४३७.८०० वर स्थानकाचा रिपीटर ऐका. ते जमले की एसओ-५० हा एफएम रिपीटर उपग्रह. त्याचा प्रश्न ९ आहे.

८. पास सुरू असताना आवाज फाटत जातो. सेट बिघडला का?

नाही, हा डॉप्लर परिणाम. जवळ येणाऱ्या गाडीचा भोंगा चढा वाटतो आणि पुढे गेली की उतरतो, तसेच. उपग्रह जवळ येताना त्याची फ्रिक्वेन्सी खऱ्यापेक्षा वर ऐकू येते, लांब जाताना खाली. १४५ मेगाहर्ट्झवर हा फरक जास्तीत जास्त साडेतीन किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे एफएममध्ये फारसा जाणवत नाही. ४३६ मेगाहर्ट्झवर मात्र दहा किलोहर्ट्झपर्यंत जातो आणि तिथे ट्यूनिंग बदलावेच लागते.

एसओ-५० ची डाउनलिंक ४३६.७९५ आहे. सेटमध्ये पाच मेमरी भरून ठेवा: ४३६.८०५, ४३६.८००, ४३६.७९५, ४३६.७९०, ४३६.७८५. पास सुरू होताना पहिली, आवाज फाटू लागला की पुढची. उपग्रह सर्वात जवळ असतो त्या मिनिट-दोन मिनिटांत सगळी घाई होते: मधल्या मेमरी भराभर मागे पडतात, आणि आधी व नंतर टोकाच्या मेमरीवर बराच वेळ निघतो. पास जितका डोक्यावरून, तितकी ही घाई जास्त. १४५ वरची अपलिंक हलवायची गरज नाही.

९. एसओ-५० वर मी हाक मारतो, पण तो गप्पच. काय चुकते?

तीन गोष्टी तपासा. अपलिंक १४५.८५० मेगाहर्ट्झ, आणि तिच्याबरोबर ६७ हर्ट्झचा टोन, म्हणजे बोलण्याखाली चालू राहणारा मंद सूर, जायला हवा. टोन नसेल तर उपग्रह तुमच्याकडे बघतही नाही. दुसरे, त्याचा ट्रान्समीटर सतत चालू नसतो. २००२ मध्ये गेलेला उपग्रह आहे, वीज जपून वापरतो. त्याच्या पोटात दहा मिनिटांचे घड्याळ आहे. कोणीतरी ७४.४ हर्ट्झचा टोन दोन सेकंद देऊन ते सुरू करायचे, मग दहा मिनिटे रिपीटर जागा राहतो.

तिसरी गोष्ट महत्त्वाची: घड्याळ सुरू करण्याआधी ऐका. गर्दीच्या भागात कोणीतरी आधीच चावी दिलेली असते. तो जागा असताना पुन्हा चावी देणे म्हणजे दुसऱ्याच्या बोलण्यावर दोन सेकंद पाय देणे. एकाकी प्रदेशातून किंवा मध्यरात्रीच्या पासला मात्र ते काम तुम्हालाच करावे लागेल.

१०. एका पासमध्ये बोलायचे तरी काय?

फार थोडे. एफएम उपग्रहावर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो आणि खाली अख्खा खंड रांगेत उभा असतो. आपला कॉलसाइन आणि ग्रिड सांगा, समोरच्याचे घ्या, 'धन्यवाद' म्हणा, बाजूला व्हा. पंधरा सेकंदांत संपते. हवापाण्याच्या गप्पा तिथे नकोत.

ग्रिड म्हणजे पृथ्वीवर आखलेले दोन अंश रेखांश गुणिले एक अंश अक्षांशाचे चौकोन, प्रत्येकाला चार अक्षरांकी नाव. जेजे०० हा चौकोन शून्य अक्षांश आणि शून्य रेखांशाला लागून आहे, म्हणजे भर समुद्रात. अशा ओल्या चौकोनांतून एखादा खलाशी हॅम बोलू लागला की बाकीच्यांनी गप्प बसून त्याला वाट द्यावी, हा अलिखित शिष्टाचार. तो मोडणारेही असतात.

११. मी बोलतो, उपग्रहही चालू आहे, तरी मला माझा आवाज परत ऐकू येत नाही. का?

आधी, तुमचा सेट एकाच वेळी बोलू आणि ऐकू शकतो का? बहुतेक हातातले सेट एका वेळी एकच काम करतात. मग ऐकण्यासाठी दुसरा सेट किंवा संगणकाला लावायचा एसडीआर डोंगल (संगणकाच्या मदतीने चालणारा छोटा रिसीव्हर) घ्या. स्वतःचा आवाज खाली येताना ऐकत बोलणे हीच उपग्रहावरची खरी पद्धत. जो ऐकल्याशिवाय नुसता हाका मारत सुटतो त्याला हॅम लोकांत 'ॲलिगेटर' म्हणतात: जबडा मोठा, कान बारीक.

दोन सेट असूनही ऐकू येत नसेल तर बहुधा तुमचाच ट्रान्समीटर तुमच्या रिसीव्हरला बहिरा करतो आहे. गणित करून बघा. अवकाश स्थानकाच्या रिपीटरची अपलिंक १४५.९९०. तिची तिप्पट ४३७.९७०. आणि डाउनलिंक ४३७.८००! ट्रान्समीटरचा तिसरा हार्मोनिक तुमच्याच कानापाशी येऊन ओरडतो. ओळखण्याची खूण: डाउनलिंकवरची खरखर ऐकत बटण दाबा, दाबताक्षणी खरखर बदलली किंवा बसली, तर हाच आजार. पॉवर कमी करा, दोन अँटेना एकमेकांपासून दूर धरा, आणि रिसीव्हरच्या आधी फिल्टर किंवा डायप्लेक्सर (दोन पट्टे वेगळे करणारा डबा) लावा. ४३५ वर बोलून १४५ वर ऐकायचे असेल तर हा त्रास बराच कमी.

१२. सिग्नल चांगला येता येता एकदम बुडतो, मग परत येतो. डॉप्लर तर मी नीट सांभाळला.

मग प्रश्न ८ शी याचा संबंध नाही. छोटे उपग्रह आपल्याभोवती गिरक्या घेत असतात. त्यांचे अँटेनाही फिरतात. तुमचा अँटेना आडवा आणि त्याचा उभा झाला की सिग्नल पडतो. उपाय मनगटात आहे: यागी हातात असताना तो स्वतःच्या दांड्याभोवती हळूहळू फिरवत राहा, आवाज वर आला की थांबा. तिवईवर पक्का बसवलेल्या महागड्या अँटेनापेक्षा हातातला अँटेना इथे कित्येकदा सरस ठरतो.

काही उपग्रहांत कायमचे चुंबक असतात. ते पृथ्वीच्या चुंबकीय रेषांना धरून उपग्रहाला होकायंत्रासारखे वळवतात. त्यामुळे तोच उपग्रह उत्तर गोलार्धात एक बाजू दाखवतो आणि दक्षिणेत दुसरी.

१३. लिनियर ट्रान्सपॉन्डर एफएमपेक्षा वेगळा कसा?

एफएम उपग्रह म्हणजे एकपदरी पूल. लिनियर ट्रान्सपॉन्डर फ्रिक्वेन्सीचा अख्खा पट्टा उचलून दुसरीकडे ठेवतो, त्यात दहा-बारा जोड्या एकाच वेळी एसएसबी (अरुंद पट्ट्यात मावणारा आवाजाचा प्रकार) किंवा मोर्समध्ये बोलू शकतात. गप्पांना वेळही मिळतो.

बहुतेक लिनियर उपग्रह पट्टा उलटा करतात. आरएस-४४ घ्या: अपलिंक १४५.९३५ ते १४५.९९५, डाउनलिंक ४३५.६१० ते ४३५.६७०. तुम्ही वर सरकलात की खाली तुमचा आवाज खाली सरकतो. दोन्ही आकड्यांची बेरीज ५८१.६०५ धरा: १४५.९६५ वर बोललात तर ४३५.६४० च्या आसपास शोधा. बाजूपट्टाही उलटतो, म्हणून एलएसबीवर (खालच्या बाजूपट्ट्यावर) बोलायचे आणि यूएसबीवर (वरच्या) ऐकायचे. हा उलटेपणा मुद्दाम ठेवलेला आहे. अपलिंकचा डॉप्लर उलटून डाउनलिंकच्या डॉप्लरमधून वजा होतो, आणि एकूण सरक कमी होते.

इथे पॉवरची शिस्त हवी. उपग्रहाची ताकद सगळ्यांत वाटली जाते. एकाने जास्त जोर लावला की बाकीचे दबतात. तुमचा आवाज उपग्रहाच्या बीकनपेक्षा, म्हणजे तो स्वतः सोडतो त्या खुणेच्या सिग्नलपेक्षा, मोठा येत असेल तर तुम्ही दुसऱ्याच्या ताटातले खात आहात.

१४. एओ-७ मेला होता ना? मग चालू उपग्रहांच्या यादीत कसा?

या उपग्रहावर माझा जीव आहे, म्हणून उत्तर थोडे लांब. १५ नोव्हेंबर १९७४ ला गेला. १९८१ मध्ये बॅटरी शॉर्ट झाली आणि तो गप्प झाला. सौर पट्ट्यांची सगळी वीज त्या शॉर्टमध्ये जिरत होती. एकवीस वर्षांनी, २१ जून २००२ ला, त्याचे बीकन अचानक पुन्हा ऐकू आले. बॅटरीतला शॉर्ट कधीतरी तुटून उघडा झाला होता. आता बॅटरी मधे नाहीच. पट्ट्यांवर ऊन पडले की उपग्रह उठतो, पृथ्वीच्या सावलीत शिरला की विझतो.

याचे काही परिणाम होतात. सावलीतून बाहेर येताना तो 'ए' मोडमध्ये उठेल की 'बी' मोडमध्ये (अपलिंक-डाउनलिंकच्या दोन वेगळ्या जोड्या), हे दर वेळी बघावे लागते. वीज साठवलेली नसल्याने कोणी जास्त पॉवर टाकली की व्होल्टेज पडते आणि सगळ्यांचेच आवाज डगमगतात. आणि तिसरी, नियमांतली खोच: 'बी' मोडची अपलिंक ४३२.१२५ ते ४३२.१७५ आहे, तर हॅम उपग्रहांसाठी आज राखलेला पट्टा ४३५ ते ४३८. उपग्रह या वाटपाच्या आधीचा. तुमच्या लायसन्सच्या अटींत तिथे बोलणे बसते का, ते बोलण्याआधी पाहा.

व्हीओ-५२ ची बॅटरीही २०१४ मध्ये गेली. तो मात्र परतला नाही.

१५. नवा उपग्रह सोडला आहे, टीएलईही आले, पण वेळेवर काहीच ऐकू येत नाही.

पहिले काही दिवस ते आकडे कोणाचे आहेत हेच कोणाला नक्की ठाऊक नसते. फेब्रुवारी २०१७ मध्ये पीएसएलव्ही-सी३७ ने एकाच फेरीत १०४ उपग्रह सोडले. रडारला दिसतात ते ठिपके. नावे त्यांच्यावर लिहिलेली नसतात. मग जमिनीवरचे हॅम त्या उपग्रहाची फ्रिक्वेन्सी पासभर नोंदवतात. डॉप्लरचा उतार कोणत्या ठिपक्याच्या कक्षेशी जुळतो ते पाहून ओळख पटते. तोपर्यंत सांगितलेल्या वेळेच्या दहा मिनिटे आधीपासून नंतरपर्यंत रेकॉर्डिंग चालू ठेवा. जगभरच्या स्वयंचलित स्टेशनांचे सॅटनॉग्स हे जाळे याच कामी येते, आणि तुमची एक नोंदही तिथे उपयोगी पडते.

१६. हे उपग्रह टिकतात किती? अवकाशात कचरा होत नाही का?

उंचीवर अवलंबून. स्थानकातून सोडलेले, चारशे किलोमीटरवरचे छोटे क्यूबसॅट (ठरावीक मापाच्या घनांचे उपग्रह) साधारण वर्ष-दोन वर्षांत हवेत शिरून जळतात. सूर्य खवळलेला असेल तर वरची हवा फुगते आणि ते आणखी लवकर पडतात. आठशेवरचे दशकानुदशके फिरतात. जपानी विद्यार्थ्यांचा दहा सेंटीमीटरचा घन, एक्सआय-४, ३० जून २००३ ला गेला. दोन दशकांनंतरही त्याचे मोर्स ऐकले गेले. कौतुक वाटते, पण तो मेल्यावरही तिथेच फिरणार हेही खरे. पूर्वी काम संपल्यावर २५ वर्षांत खाली यावे असा संकेत होता. अमेरिकेने २०२२ मध्ये आपल्या परवान्याखालच्या उपग्रहांसाठी तो ५ वर्षांवर आणला.

१७. मी बोललेले किंवा उपग्रहाची टेलिमेट्री सांकेतिक करून पाठवता येते का?

नाही. हौशी रेडिओत अर्थ लपवण्यासाठी संकेत वापरायला आंतरराष्ट्रीय नियमांची मनाई आहे. याला एक अपवाद आहे: जमिनीवरून उपग्रहाला दिले जाणारे नियंत्रणाचे हुकूम. नाहीतर कोणीही उठून त्याचा ट्रान्समीटर बंद करील. म्हणून हॅम पट्ट्यात बोलणाऱ्या उपग्रहाने टेलिमेट्रीचे स्वरूप जाहीर करावे, ही अपेक्षा रास्त आहे. एखादा विद्यार्थी-उपग्रह ४३७ वर बडबडतो आणि कोणालाच ती उलगडत नसेल, तर बांधणाऱ्यांना जरूर विचारा.

१८. क्यूओ-१०० वर तर चोवीस तास बोलता येते. मग या पळत्या उपग्रहांमागे का लागायचे?

क्यूओ-१०० भूस्थिर आहे, पूर्व २६ अंशांवर एकाच जागी. त्याला डिश, गिगाहर्ट्झची साधने आणि तो दिसेल असे आकाश लागते. पृथ्वीच्या मोठ्या भागातून तो दिसतच नाही. मोजपट्टीचा अँटेना घेऊन दहा मिनिटांसाठी गच्चीवर जायचे असेल, तर आजचा पुढचा पास किती वाजता आहे ते बघा. घड्याळ जागतिक वेळेला लावलेय का, तेही.